इंजिनातली काजळी आणि मजुरीचा हिशेब

गॅरेजचे बिल हातात आले की आपला व्यापारी बंधू ते कसे वाचतो, हे आम्ही बरीच वर्षे पाहत आलो आहोत. पार्टची किंमत तो मुकाट्याने मान्य करतो. पार्ट डब्यातून आलेला असतो, डब्यावर किंमत छापलेली असते, तिथे बोलायला जागा नसते. मग त्याचे बोट खाली सरकते आणि 'मजुरी' या शब्दावर येऊन थांबते. खरी घासाघीस तिथून सुरू होते. "भाई, एवढी मजुरी? दोन तासांचे तर काम!" मिस्त्री थोडी ओढाताण करतो आणि शेवटी रक्कम कमी करतो. पण त्यातून तोही काही शिकतो. ज्या कामात पार्ट विकला जातो ते काम तो पुढच्या वेळी आवर्जून सांगतो, आणि ज्या कामात नुसते हात काळे होतात ते सांगायचेच टाळतो.

अशा टाळल्या जाणाऱ्या कामांत डिझेल गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड उतरवून आतून साफ करणे हे काम आम्ही सर्वांत वर ठेवू. आमचे म्हणणे असे की, हे काम हाताचे आहे. बाटली, फवारा किंवा यंत्रातला वायू यांनी ते होत नाही. आणि हाताच्या कामाची रास्त मजुरी द्यायला जो कुरकुरतो, त्याला पुढे टर्बो आणि नोझल यांचे पैसे मोजायची पाळी येते, कित्येकदा गरज नसताना.

आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. इंजिनाच्या भागांची नावे आम्हाला पुस्तकातून कळली नाहीत, गॅरेजच्या बाकड्यावर बसून कळली. त्यामुळे तीच नावे इथे वापरतो. इंजिनाला जळण लागते तशी हवाही लागते, आणि हवा फार लागते. 2000 सीसीचे इंजिन मिनिटाला 2000 फेरे फिरत असेल, तर टर्बोची गोष्ट बाजूला ठेवली तरी ते मिनिटाला सुमारे 2000 लिटर हवा ओढते. ही हवा एअर फिल्टरमधून येते, टर्बोतून दाबली जाते, इंटरकूलरमध्ये थंड होते आणि शेवटी एका फाटे असलेल्या नळीतून एकेका सिलिंडरकडे वाटली जाते. ही फाट्यांची नळी म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. आपल्या धंद्यात जसा आडत्या गाठी सोडून माल वेगवेगळ्या दुकानांकडे धाडतो, तसा हा हवेचा आडत्या.

आता फिल्टरमधून गाळून आलेल्या स्वच्छ हवेच्या वाटेत काजळी येते कुठून? ती इंजिनाच्या स्वतःच्या धुरातून येते, आणि ती तिथे मुद्दाम सोडलेली असते. सिलिंडरमधली आग फार तापली की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन फुप्फुसांना घातक असे वायू तयार होतात. ते कमी व्हावेत म्हणून कंपन्यांनी ईजीआर नावाचा व्हॉल्व बसवला. तो सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला काही भाग परत फिरवून आत येणाऱ्या हवेत मिसळतो. त्यामुळे आग थोडी मंदावते आणि हे वायू कमी होतात. आपल्याकडे प्रदूषणाचे नियम जसजसे कडक झाले तसतसा या व्हॉल्ववरचा भार वाढला. एप्रिल 2010 मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर अशा 13 शहरांत बीएस-4 आले, 2017 मध्ये ते साऱ्या देशात लागू झाले, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6.

नुसती काजळी कोरडी असते. ती हवेबरोबर उडून पुढे जळूनही गेली असती. पण त्याच वाटेत आणखी एक पाहुणा येतो. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतो, तिथल्या तेलाची वाफ घेतो, आणि ब्रीदरच्या नळीतून ही वाफ पुन्हा हवेच्या वाटेत सोडली जाते. काजळी कोरडी, वाफ तेलकट. सायझिंगमध्ये सुताला कांजी चढते तशी ही तेलाची ओल मॅनिफोल्डच्या भिंतीला चढते आणि काजळी तिला चिकटते. थरावर थर बसतो. वरचा थर डांबरासारखा चिकट राहतो, खालचा कोळशासारखा कडक होतो.

हा थर किती नुकसान करतो याचा हिशेब डोळ्यांना फसवतो, म्हणून तो मांडून दाखवतो. समजा, वाट 4 सेंटीमीटर रुंद आहे आणि चारी बाजूंनी फक्त 5 मिलिमीटर थर बसला. वाट उरली 3 सेंटीमीटर. पाहणारा म्हणेल, पाव हिस्सा गेला. पण हवा रुंदीने जात नाही, क्षेत्रफळाने जाते. चार चोक सोळा, तीन त्रिक नऊ. म्हणजे सोळा आण्यांपैकी नऊ आणे वाट उरली, सात आणे बंद झाली. कापडाचा पन्हा आणि लांबी दोन्ही आटल्यावर मीटरचा हिशेब कसा कोसळतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

हवा कमी पडली की डिझेल पुरते जळत नाही. धूर काळा होतो, पिकअप जातो, चढावर गाडी दम खाते, डिझेल जास्त लागते. धूर काळा झाला की त्यातली काजळी वाढते, ती ईजीआरमधून परत मॅनिफोल्डमध्ये येते, आणि थर आणखी वेगाने वाढतो. व्याजावर व्याज चढावे तसे हे चालते. मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब मोजणारा छोटा सेन्सर असतो. त्याच्या तोंडावर काजळी बसली की तो संगणकाला चुकीचे माप देतो. ईजीआरचा व्हॉल्वही चिकटून अर्धवट उघडा राहतो. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी ठराविक वेगाच्या वर जायला नकार देते.

आमच्या ओळखीचे भिवंडीचे एक ग्रे कापडाचे व्यापारी आहेत. त्यांच्या डिझेल गाडीचे असेच झाले. मालेगावच्या पार्टीकडे जाताना कसारा घाटात गाडी दुसऱ्या गिअरच्या वर चढेना, मागे काळा धूर. एका मोठ्या वर्कशॉपने टर्बो बदलायचा अंदाज लिहून दिला. रकमेचा आकडा पाहून त्यांनी विचार करायला वेळ मागितला, हे त्यांचे शहाणपण. दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रीने आधी हवेचा पाइप सोडला, आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "शेठ, या, इथे बघा." आत करंगळी जाईल एवढीच वाट उरली होती. टर्बो धडधाकट होता. मॅनिफोल्ड, ईजीआर आणि सेन्सर साफ झाल्यावर गाडी त्याच टर्बोवर घाट चढली. वर्कशॉपवाल्याने लबाडीच केली असे आम्ही म्हणणार नाही. कदाचित त्याने पाइप सोडून पाहिलेच नसेल. पाहायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे द्यायला कुणी तयार नसते.

मॅनिफोल्ड भरतो कुणाचा जास्त? लांबच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा कमी भरतो, कारण तिचे इंजिन पुरते तापते आणि जोर लावते. भरतो तो बाजाराच्या गल्लीत फिरणाऱ्या गाडीचा. दुकान ते प्रोसेस हाऊस, प्रोसेस हाऊस ते ट्रान्सपोर्ट, दर शंभर पावलांवर ब्रेक. त्यात सकाळी थंड इंजिन चालू करून ठेवायचे आणि अर्धा तास तागे भरत राहायचे, ही आपल्या बाजारातली जुनी सवय. माल भरेपर्यंत इंजिन बंद ठेवा. एवढे केले तरी फरक पडतो, आणि त्याला मजुरीही लागत नाही.

आता बाटलीकडे येऊ. पेट्रोल पंपावर, पार्टच्या दुकानात, सर्व्हिसच्या काउंटरवर छान छापलेली बाटली मिळते. टाकीत ओता, इंजिन आतून साफ होईल, असे सांगतात. वाचक बंधूंनी इथे एक साधा प्रश्न विचारावा: टाकीतले डिझेल कुठून कुठे जाते? टाकीतून फिल्टर, फिल्टरमधून पंप, पंपातून नोझल, आणि नोझलमधून थेट सिलिंडरमध्ये. मॅनिफोल्ड त्याच्या वाटेत येतच नाही. मग टाकीत ओतलेले औषध मॅनिफोल्डला लागणार कसे? ते नोझलला उपयोगी पडत असेल, तो मुद्दा वेगळा. साध्या पेट्रोल गाडीची गोष्ट निराळी आहे. तिथे नोझल मॅनिफोल्डच्या टोकाशी असते, पेट्रोल व्हॉल्वच्या पाठीवर पडते आणि तो धुतला जातो. म्हणून त्या गाड्यांत हा त्रास फारसा होत नाही, थ्रॉटलवरची काजळी पुसली की बहुधा भागते. पण हल्लीच्या काही टर्बो पेट्रोल गाड्यांत पेट्रोलही थेट सिलिंडरमध्ये सोडतात. त्यांच्या व्हॉल्वच्या पाठीवर थर बसतो, आणि टाकीतली बाटली तिथेही पोहोचत नाही.

दुसरा प्रकार यंत्राचा. इंजिन चालू ठेवून हवेच्या वाटेने हायड्रोजनचा वायू सोडतात आणि सांगतात की सगळा कार्बन जळून गेला. जळण्यासाठी आग लागते. आग सिलिंडरमध्ये असते, मॅनिफोल्डमध्ये नसते. तिथला थर त्या मानाने थंडच राहतो. मग तो जळणार कशाने? तिसरा प्रकार फवाऱ्याचा. पातळ थर असेल तर फवाऱ्याने काही प्रमाणात सुटतो, हे मान्य. पण जाड थराच्या खपल्या सुटून व्हॉल्वच्या बैठकीत अडकू शकतात. शिवाय चालू डिझेल इंजिनात हवेच्या वाटेने पेट घेणारे द्रव सोडणे म्हणजे त्याला बेहिशेबी जळण देणे होय. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. असे जळण जास्त मिळाले की ते चावी बंद करूनही थांबत नाही आणि बेफाम फिरत सुटते. हा धोका ग्राहकाला कुणी सांगत नाही.

तर मग खरे काम कसे होते? ग्राहकाने ते एकदा उभे राहून पाहावे, म्हणजे मजुरीचा आकडा डोळ्यांत सलणार नाही. इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. प्रत्येक नळी आणि प्रत्येक प्लग काढण्याआधी फोटो घ्यायचा किंवा खूण करायची. हवेचे पाइप, थ्रॉटल, ईजीआरचा व्हॉल्व आणि त्याच्या नळ्या, सेन्सर एकेक सोडवायचे. काही गाड्यांत डिझेलच्या नळ्याही आड येतात. त्या सोडल्या तर त्यांची तोंडे लगेच झाकायची, कारण तिथे धुळीचा कणही चालत नाही. मग मॅनिफोल्डचे बोल्ट. वर्षानुवर्षे तापून गंजलेला बोल्ट घाईने फिरवला की तुटतो, आणि तुटलेला बोल्ट हेडमधून काढणे हे दुसरेच दुखणे. म्हणून आधी तेल सोडून वाट पाहायची. ही वाट पाहणेसुद्धा मजुरीत मोजले पाहिजे, असे आमचे मत आहे.

मॅनिफोल्ड निघाला की हेडची तोंडे उघडी पडतात. ती लगेच कापडाने बंद करायची. इथे आम्ही आमच्या धंद्याचे दोन शब्द बोलतो. गॅरेजमध्ये हात पुसायला जे कॉटन वेस्ट असते ते आपल्याच लूमच्या गावांतून जाते. सुताचा तो गुंता हात पुसायला उत्तम, पण इंजिनाच्या तोंडात घालायला वाईट. त्याचे धागे सुटतात आणि आत राहतात. त्या जागी होजिअरीच्या कटिंगचे धुतलेले तुकडे वापरावेत, आणि किती तुकडे घातले ते मोजून ठेवावे. बाहेर तेवढेच आले की नाही, हे पाहिल्याशिवाय मॅनिफोल्ड परत चढवू नये.

मग खरवडणे. लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमला चरे पडतात, म्हणून लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्यावी. जाडा थर निघाल्यावर मॅनिफोल्ड डिझेलमध्ये किंवा चांगल्या डीग्रीझरमध्ये भिजत ठेवायचा, लांब दांड्याच्या ब्रशने फाटे आतून घासायचे, गरम साबणपाण्याने धुवायचे, हवेने सुकवायचे आणि परत पाहायचे. बहुतेक वेळा हे सारे दोनदा करावे लागते. काही मॅनिफोल्डमध्ये हवा फिरवणारी छोटी पाती असतात. त्यांना जोर लावायचा नाही. सैल झालेले पाते पुढे सिलिंडरमध्ये गेले तर इंजिन खलास. पेट्रोलने धुण्याची पोरांची सवय मात्र बंद झाली पाहिजे. बंद शेडमध्ये पेट्रोलची वाफ आणि शेजारी वेल्डिंग, याचा परिणाम सांगायला नको.

आणि कॉस्टिक. जुने मिस्त्री बिडाचे भाग कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकत आणि ते लख्ख निघत. त्या आठवणीने आजही कुणी मॅनिफोल्ड कॉस्टिकमध्ये बुडवतो. कापडाला चमक आणायला मर्सरायझिंगमध्ये हेच कॉस्टिक चालते, त्यामुळे त्याचा तिखटपणा आपल्याला ठाऊक आहे. बीड ते सोसते, ॲल्युमिनियम सोसत नाही. फेस येतो, धातू खाल्ला जातो आणि जोडाची सपाट बाजू बिघडते. त्यातून निघणारा वायूही पेट घेणारा असतो. आजचे मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचे असतात, नाहीतर नायलॉनचे. हो, ज्याचे सूत आपण विकतो त्याच जातीचे नायलॉन, फक्त त्यात काचेचे तंतू घालून मजबूत केलेले. त्याला बत्तीने जाळणे किंवा तीव्र रसायनात टाकणे म्हणजे नवा मॅनिफोल्ड विकत घेण्याची तयारी करणे.

परत चढवताना गॅस्केट नवीनच हवे. जुने गॅस्केट लावून वाचवलेले पैसे हवेच्या गळतीत जातात. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूकडे, थोडे थोडे, टॉर्क पान्याने कसायचे. शेवटी स्कॅनर लावून जुने कोड पुसायचे आणि गाडी रस्त्यावर चालवून पाहायची. साफ केल्यावर काही महिन्यांतच पुन्हा तेल साचले तर दोष मॅनिफोल्डचा नाही. रिंगा झिजल्या असतील, टर्बोचे सील गळत असेल किंवा चेंबरमध्ये तेल खुणेच्या वर भरले असेल. चांगला मिस्त्री हे आधीच सांगतो.

काही जण याहून सोपी वाट दाखवतात. ईजीआरच्या तोंडावर पत्र्याची पट्टी मारून तो कायमचा बंद करायचा, म्हणजे काजळी येणारच नाही. वर म्हणतात, पीयूसीतही गाडी पास होते. पास होते हे खरे, कारण आपल्याकडे डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराचा दाटपणा मोजतात, ईजीआर जे वायू अडवतो ते मोजत नाहीत. म्हणजे कागद स्वच्छ मिळतो आणि विष गल्लीत सुटते. त्या गल्लीत आपलीच दुकाने आहेत आणि आपलीच मुले शाळेत जातात. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई करते, ते आहेच. नव्या गाड्यांचा संगणकही अशी पट्टी ओळखतो आणि दिवा लावतो. आमच्या मते ही दुरुस्ती नव्हे. मापाच्या पट्टीतली दोन बोटे कापून कापड मोजण्याचाच हा प्रकार आहे.

मिस्त्री बंधूंनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कडू लागल्या तरी. मजुरी पूर्ण हवी असेल तर काम उघडे करून दाखवा. साफ करण्याआधीचा आणि नंतरचा फोटो ग्राहकाच्या मोबाइलवर पाठवा. आता प्रत्येक पोराच्या खिशात कॅमेरा आहे. बिलावर 'सर्व्हिसिंग' असा मोघम शब्द लिहू नका. 'मॅनिफोल्ड उतरवून साफ करणे, ईजीआर साफ करणे, नवीन गॅस्केट' असे लिहा, आणि मजुरीची ओळ वेगळी ठेवा. शिकाऊ पोराला हातमोजे आणि तोंडाला मास्क द्या. ही काजळी कातडीला आणि छातीला चांगली नाही. उरलेले काळे पाणी आणि तेल गटारात सोडू नका. वापरलेले तेल 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली येते, ते नोंदणी असलेल्या रिसायकलवाल्यालाच द्यायचे असते. आणि उस्तादाच्या हाताखाली पोरगा तयार होतोच, पण त्याला आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल किंवा मोटार व्हेइकलच्या कोर्सलाही घाला. स्कॅनर वाचता येत नसेल तर नुसत्या पान्यावर पुढची वर्षे निघणार नाहीत.

कामाची कमतरता नाही. मारुतीने 2020 मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, इतरांनीही कमी केल्या, म्हणून कुणी म्हणेल की हा हुनर आता कशाला? पण 2017-18 मध्ये घेतलेली खासगी गाडी पंधरा वर्षांच्या नोंदणीवर 2032-33 पर्यंत चालणार आहे, आणि जितकी जुनी होईल तितकी काजळी धरणार आहे. मालाचे टेम्पो आणि पिकअप आजही बरेचसे डिझेलवर आहेत. हे काम बाटल्या विकणाऱ्याकडे जाते की हाताने करणाऱ्याकडे, हे पैसे देणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर आहे.

ज्यांच्या गाडीला धूर आणि दम दोन्ही आहेत त्यांनी हे काम सीझनच्या तोंडावर काढू नये. रमजानच्या आधी माल हलवायची घाई असते आणि मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहून काम चांगले होत नाही. ईदनंतर बाजार थंड असतो, तेव्हा गाडी दोन दिवस सोडा. पहिल्या दिवशी मॅनिफोल्ड निघेल, रात्रभर भिजेल, दुसऱ्या दिवशी चढेल. गाडी सोडतानाच मजुरी किती ते विचारून घ्या आणि ती कागदावर लिहून घ्या.